पाण्याच्या पायऱ्या

भूगोलाच्या तासाला अमेरिका खंडांचा नकाशा भिंतीवर टांगला, की मुलांची नजर आपोआप मधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्याकडे जायची. वर एक भलामोठा खंड, खाली दुसरा आणि दोघांना जोडणारा हा जमिनीचा धागा. ‘पनामा कालव्यामुळे अटलांटिक व पॅसिफिक हे महासागर जोडले गेले’ हे वाक्य मी बत्तीस वर्षे शिकवले. दोन गुणांचा प्रश्न. मुले ते पाठ करायची, परीक्षेत उतरवायची आणि विसरून जायची.

एकदा मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “बाई, समुद्राचं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत ना? मग जहाज आधी वर चढवायचं आणि परत खाली उतरवायचं, हा उपद्व्याप कशाला? सरळ खणत का नाही गेले?” मी म्हटले, “मध्ये डोंगर आहेत म्हणून.” ती खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. तास संपला, घंटा झाली आणि तो प्रश्न तसाच राहून गेला.

तो पुन्हा समोर आला तो गेल्या हिवाळ्यात. लेक आणि जावई फ्लोरिडात असतात. “आई-बाबा, नुसते घरात बसून काय करणार?” म्हणत त्यांनी आमचे एका क्रूझचे तिकीट काढले. फ्लोरिडाहून निघायचे, पनामा कालवा ओलांडायचा आणि कॅलिफोर्नियात उतरायचे. ह्यांना समुद्र लागेल की काय अशी धास्ती होती. मला धास्ती वेगळीच होती. ज्या गोष्टीवर आयुष्यभर मुलांना गुण दिले, ती प्रत्यक्ष पाहताना आपणच नापास होणार नाही ना?

पहाटे पाचला आम्ही डेकवर गेलो, तर तिथे आधीच जत्रा भरलेली. खुर्च्या अडवून ठेवलेल्या, गळ्यात कॅमेरे, हातात कॉफीचे कप. दमट वारा होता आणि हवेला ओल्या मातीचा वास होता, आपल्याकडे पहिल्या पावसानंतर येतो तसा. लांबवर नांगर टाकून आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या जहाजांचे दिवे लुकलुकत होते. कालव्याचा पायलट एका छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढला. हा पायलट नुसता वाट दाखवत नाही, कालवा पार होईपर्यंत जहाजाचा ताबाच त्याच्याकडे असतो. समुद्रावर कप्तानाच्या शब्दाबाहेर पान हलत नाही, पण इथे तो कप्तानही बाजूला उभा राहतो.

इथे एक गंमत सांगते. अटलांटिक पूर्वेला आणि पॅसिफिक पश्चिमेला, म्हणजे जहाज पश्चिमेकडे जाणार, असा आपला समज असतो. पण ही संयोगभूमी त्या ठिकाणी अशी काही वळली आहे, की कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो. अटलांटिकमधून शिरलेले जहाज पॅसिफिकमध्ये बाहेर पडते ते आधीपेक्षा अधिक पूर्वेला! ह्यांनी होकायंत्र पाहून खात्री करून घेतली आणि मगच विश्वास ठेवला.

उजाडता उजाडता गातूनचे लॉक समोर आले. लॉक म्हणजे काय? काँक्रीटचा एक प्रचंड हौद, दोन्ही टोकांना पोलादी दरवाजे. हौद एक हजार फूट लांब आणि एकशेदहा फूट रुंद. आमचे जहाज त्यात शिरले तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा उरली. कठड्यावरून हात लांब केला तर भिंतीला लागेल असे वाटत होते. भिंतींवरच्या रुळांवरून विजेवर चालणारी छोटी इंजिने जहाजाला तारांनी धरून बरोबर चालत होती. त्यांना ‘म्यूल’ म्हणजे खेचर म्हणतात. जहाज पुढे जाते ते मुख्यतः स्वतःच्या इंजिनावर. खेचरांचे काम त्याला मध्यभागी सांभाळून धरायचे, एखाद्या थोराड नवरदेवाला दोन्हीकडून धरून मांडवात न्यावे तसे.

आणि ह्या सगळ्या यंत्रपसाऱ्यात पहिला दोर जहाजापर्यंत पोहोचवायला कोण आले असेल? एक साधी वल्ह्याची होडी, तीत दोन माणसे. एक वल्हवतो, दुसरा दोर झेलतो. नव्या नव्या युक्त्या करून पाहिल्या, पण ह्या होडीइतके भरवशाचे काही सापडले नाही म्हणतात. मला आपले बरे वाटले.

मागचे दरवाजे मिटले आणि हौदात पाणी चढू लागले. ना पंपाचा आवाज, ना कसली धडधड. वरच्या तलावाचे पाणी खालच्या भुयारांतून स्वतःच्याच वजनाने येते आणि तळातल्या भोकांतून उसळते. बघता बघता शेजारची भिंत खाली जाऊ लागली. खरे तर आम्ही वर चाललो होतो, पण आगगाडीत शेजारची गाडी हलते तेव्हा होते तशी फसगत होत होती. अशा तीन पायऱ्या. तिसरी चढलो तेव्हा जहाज समुद्रापेक्षा पंचाऐंशी फूट उंच होते आणि समोर पसरला होता गातूनचा तलाव, निळाशार आणि संथ. १९१४ मध्ये बसवलेली व्यवस्था अजून तशीच चालू आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ह्या तलावातच होते. सरळ खणण्याचा प्रयत्न झाला नव्हता असे नाही. सुएझचा कालवा १८६९ साली पुरा करून जगभर नाव कमावलेला फर्दिनांद द लेसेप्स १८८० च्या सुमारास इथे आला, तो हाच हट्ट घेऊन. सुएझला जे केले तेच इथे करू, समुद्रपातळीवर सरळ चर खणू. पण सुएझला होती सपाट वाळू आणि कोरडे आकाश. इथे होते डोंगर, घनदाट रान, वर्षातले आठ महिने कोसळणारा पाऊस आणि त्या पावसाने पिसाटणारी चाग्रेस नदी. खणलेला चर रात्रीत दरड कोसळून बुजायचा. एका ठिकाणी मिळालेले यश माणसाला दुसऱ्या ठिकाणी कसे आंधळे करते, याचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. फ्रान्समधल्या हजारो सामान्य कुटुंबांनी पै पै साठवून घेतलेले शेअर मातीमोल झाले. माणसे किती गेली? अंदाज वीस हजारांच्या पुढचा आहे.

त्यातली बहुतेक दरडीखाली नव्हे, हिवतापाने आणि पीतज्वराने गेली. फ्रेंचांनी चांगली इस्पितळे बांधली होती. तिथे मुंग्या फार, म्हणून रुग्णांच्या खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. हे वाचले तेव्हा मी दचकले. आमच्या घरी दूध-दुभत्याच्या जाळीच्या कपाटाखाली अशाच चार वाट्या असायच्या, त्यांत पाणी घालायचे काम माझ्याकडे होते. ह्या स्वच्छ, प्रेमाने भरलेल्या वाट्यांतच डास वाढत होते आणि रात्री खाटेवरच्या माणसाला चावत होते. डासाचा आणि तापाचा संबंध तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. हिवतापाच्या बाबतीत तो उलगडला आपल्याच देशात. सिकंदराबादेत १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. पीतज्वराबद्दल क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच तसे सुचवले होते, ते १९०० मध्ये सिद्ध झाले. अमेरिकेने काम हाती घेतल्यावर डॉ. विल्यम गॉर्गस यांनी आधी डासांशी लढाई केली. डबकी बुजवली, पाण्याच्या साठ्यांवर तेल टाकले, खिडक्यांना जाळ्या लावल्या. १९०५ अखेरपर्यंत पीतज्वर आटोक्यात आला. कालवा फावड्यांनी खणला गेला हे खरे, पण फावडे धरणारा हात जिवंत राहिला तो ह्या जाळ्यांमुळे.

अमेरिकनांनी दुसरी एक शहाणी गोष्ट केली. रेल्वे बांधण्यात आयुष्य घालवलेले मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यांनी सरळ चराचा नाद सोडायला लावला. नदी शत्रू आहे ना? मग तिलाच कामाला लावा. चाग्रेसवर गातूनला धरण बांधा, मोठा तलाव करा, जहाजे त्या तलावावर चढवा आणि पलीकडे उतरवा. म्हणजे, बाळ, जहाज उगाच वर चढवत नाहीत. डोंगर तळापर्यंत फोडण्याऐवजी माणसाने पाणीच वर आणून ठेवले आहे. हे उत्तर मला त्या दिवशी द्यायला हवे होते.

दुपारी जेवायच्या वेळी जहाज तलावातून चालले होते. आजूबाजूला हिरवी बेटे. ही बेटे नव्हेत, बुडालेल्या टेकड्यांचे माथे आहेत. बारो कोलोरादो नावाच्या अशाच एका माथ्यावर गेली शंभर वर्षे शास्त्रज्ञ रानाचा अभ्यास करत आहेत. काठाजवळ पाण्यातून काळी पडलेली झाडांची खोडे डोकावत होती. ध्वनिक्षेपकावरून सांगितले गेले, “हा तलाव तयार झाला तेव्हा मानवनिर्मित तलावांत जगात सर्वांत मोठा होता.” पुन्हा टाळ्या. त्या तलावाखाली रान होते तशी गावेही होती, जुन्या रेल्वेचा मार्ग होता, केळीच्या बागा होत्या, बाजार भरत होते. १९१२ मध्ये हा प्रदेश रिकामा करायचा हुकूम निघाला आणि माणसे उठवली गेली. हे मात्र कुणी सांगितले नाही.

माझ्या आजीचे गाव सह्याद्रीतल्या एका धरणाच्या पोटात आहे. मी लहान असताना ती उन्हाळ्यात मला काठावर घेऊन जायची. पाणी ओसरले की देवळाचा कळस दिसायचा. ती पदर डोक्यावर घेऊन तिथूनच नमस्कार करायची आणि बोट दाखवून सांगायची, “तो कळस, त्याच्या डाव्या अंगाला आपलं घर, मागं चिंच.” मला दिसायचे फक्त पाणी. तिला घर दिसायचे. त्या धरणाची वीज आमच्या घरी दिवे लावते, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण ती काळी खोडे पाहिली आणि हातातला घास हातातच राहिला. ह्यांनी विचारले, “काय झालं?” मी म्हटले, “काही नाही, आजीची आठवण झाली.”

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा मालवणकडचा. आमचे मराठी ऐकून पहिल्याच दिवशी “काकू” म्हणत जवळ आला होता. मी त्याला म्हटले, “अरे, ये ना जरा बाहेर, बघ तरी.” तो हसला. “काकू, अकरा येळा गेलंय हयसून, पण कालवो काय बघूक गावलो नाय.” कालव्याच्या दिवशी जेवणाच्या पंगती दिवसभर चालू असतात, त्याला क्षणाची उसंत नसते. घरी गेला की मुलगा विचारतो, ‘पप्पा, कालवो कसो असता?’ आणि हा त्याला प्रवाशांनी काढलेले फोटो दाखवतो.

त्याचे ते बोलणे कालव्याच्या जुन्या इतिहासाशी असे काही जुळले, की बोलता सोय नाही. कालवा अमेरिकेने बांधला असे आपण म्हणतो. पण घमेली कुणी वाहिली? बार्बाडोस, जमैका अशा वेस्ट इंडीजच्या बेटांवरून आलेल्या काळ्या मजुरांनी. एकट्या बार्बाडोसहून जवळजवळ वीस हजार माणसे आली. पगाराच्या दोन याद्या होत्या, सोन्याची आणि चांदीची. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यांत, बाकीच्यांना चांदीच्या. आणि मग सगळेच दोन प्रकारचे झाले. राहायच्या चाळी वेगळ्या, भोजनगृहे वेगळी, पोस्टाच्या खिडक्यासुद्धा वेगळ्या. ज्यांच्या गावात पाणवठे वेगळे होते, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. अमेरिकेच्या काळात अपघात आणि आजार मिळून ५,६०९ माणसे मेल्याची नोंद आहे. त्यांत फार मोठा भाग ह्या चांदीच्या यादीतल्यांचा.

तिसऱ्या प्रहरी जहाज कुलेब्राच्या खिंडीत शिरले. सुमारे तेरा किलोमीटर डोंगर कापून केलेली ही वाट. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेले तांबडे-पिवळे कडे. वाफेची फावडी, सुरुंग, माती वाहणाऱ्या गाड्यांची न संपणारी रांग आणि वरून पाऊस. डोंगर मात्र पुन्हा पुन्हा खाली बसायचा. १५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ नावाचे जहाज कालव्यातून गेले आणि कालवा खुला झाला, पण युरोपात नुकतेच महायुद्ध पेटले होते, सोहळ्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. पुढच्याच वर्षी दरड कोसळून कालवा काही महिने बंद पडला. डोंगर कापता येतो, त्याला कायमचे गप्प करता येत नाही.

मग पेद्रो मिगेलला एक पायरी उतरलो, मिराफ्लोरेसला दोन. शेवटच्या लॉकजवळच्या गच्चीवर शाळेच्या मुलांची सहल आली होती. मुले हात हलवत होती, ओरडत होती. त्यांच्या इमारतीवर पनामाचा झेंडा फडकत होता. हा झेंडा इथे सहज आलेला नाही. १९०३ मध्ये पनामा कोलंबियापासून वेगळा झाला आणि पंधरवड्यात कालव्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा अमेरिकेला देणारा करार झाला. त्या करारावर पनामाच्या वतीने सही करणारा माणूस फ्रेंच होता! आपल्याच देशाच्या मधोमध कुंपण आणि पलीकडे परक्याचे राज्य. १९६४ च्या जानेवारीत आपला झेंडा लावायला गेलेल्या विद्यार्थ्यांवरून दंगल उसळली, माणसे मेली. १९७७ मध्ये कार्टर आणि तोरिहोस यांचा करार झाला आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी दुपारी कालवा पनामाच्या हाती आला. ‘यांना चालवता येणार नाही’ म्हणणारे पुष्कळ होते. पनामाने तो चालवला आणि २०१६ मध्ये मोठ्या जहाजांसाठी नवे लॉकही बांधले. आपल्याला हे भाकीत ओळखीचे वाटावे.

संध्याकाळी अमेरिकांच्या पुलाखालून आम्ही पॅसिफिकमध्ये शिरलो. सकाळी निघालो, दिवेलागणीला पलीकडे. हा कालवा नसता तर न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या जहाजाला केप हॉर्नला वळसा घालून सुमारे तेरा हजार सागरी मैल जावे लागते, आता साधारण पाच हजार दोनशे पुरतात. जगाच्या सागरी व्यापारातला सुमारे पाच टक्के माल ह्या वाटेने जातो. हे सारे खरे आणि थोर आहे. पण टाळ्यांच्या पलीकडचा एक हिशेब राहतो.

लॉकमध्ये चढणारे पाणी येते तलावातून आणि उतरताना जाते समुद्रात. ते गोडे पाणी आहे, पावसाचे. जुन्या लॉकमधून एक जहाज पलीकडे जायला सुमारे वीस कोटी लिटर पाणी खर्ची पडते. २०१६ मध्ये लातूरला पाणी नेणारी आगगाडी आपण सर्वांनी पाहिली. पन्नास वाघिणींची ती गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी न्यायची. म्हणजे आमच्या एका दिवसाच्या मौजेसाठी तशा ऐंशी गाड्या पाणी समुद्रात गेले. त्या गाडीची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बाया मला आठवल्या, आणि सकाळी वाजवलेल्या टाळ्या आठवून थोडी लाज वाटली.

पनामात पाऊस उदंड, म्हणून शंभर वर्षे हा हिशेब कुणी फारसा केला नाही. २०२३ मध्ये पाऊस रुसला. तलाव उतरला. एरवी रोज छत्तीसच्या आसपास जहाजे जायची, ती वर्षाच्या अखेरीस बावीसवर आणावी लागली. बाहेर जहाजांची रांग लागली. आणि ह्याच तलावातून पनामा सिटी आणि कोलोन ह्या शहरांना, म्हणजे देशाच्या निम्म्याहून अधिक लोकांना, प्यायचे पाणी मिळते. आता उपाय म्हणून शेजारच्या रिओ इंदिओ नदीवर धरण बांधून तिचे पाणी तलावात आणायचे ठरले आहे. त्या खोऱ्यातली दोन हजारांवर माणसे उठतील. तिथले शेतकरी म्हणताहेत, आम्हाला धरण नको. १९१२ ची गोष्ट पुन्हा तिथेच येऊन ठेपली आहे.

मी धरणांच्या विरोधात नाही. तहानलेल्या शहराला पाणी नको असे कोण म्हणेल? १९२१ मध्ये मुळशीला सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला बसलेले मावळे शेतकरीही वीज नको म्हणत नव्हते, आमची जमीन आम्हाला न विचारता घेऊ नका म्हणत होते. शंभर वर्षे झाली, प्रश्न तोच आहे. फायदा ज्यांचा, त्यांना टाळ्या वाजवायला डेक असते. किंमत ज्यांची, त्यांची नावे यादीत नसतात. निदान हिशेब दोन्ही बाजूंनी लिहावा, उठणाऱ्याला आधी विचारावे, जमीन आधी द्यावी आणि पाणी नंतर चढवावे. एवढे तरी शंभर वर्षांत शिकायला हरकत नव्हती.

मागच्या बाकावरची ती मुलगी आता कुठे असेल, ठाऊक नाही. भेटली तर तिला सांगेन, की जहाजे वर चढतात ती एका नदीच्या पाठीवर. आणि त्या नदीच्या काठी कुणाची तरी घरे होती. हे दुसरे वाक्य मी बत्तीस वर्षे शिकवायचे विसरले. दोन गुणांच्या उत्तरात ते बसत नव्हते.